पहिली पायरी ज्येष्ठांसाठी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी गॅलरी आहे. लोहाऱ्याच्या एका शाळेच्या मैदानाला लागून माझ्या नऊ लांब पायऱ्या एकीवर एक चढत गेल्या आहेत. वर छप्पर नाही, टेकायला पाठ नाही. जगात माझ्या जातीच्या ज्या मोठ्या आहेत, त्यांच्यापुढे मी म्हणजे घरापुढचा ओटा. तरी ओट्यावर बसूनही माणसं पुष्कळ काही बघतात, म्हणून माझी हकिकत सांगते.

माझे दगड माझ्याआधी घरांचे होते. त्र्याण्णवच्या भूकंपात इकडची गावंच्या गावं खाली बसली, तेव्हा भिंतींचे काळे दगड ढिगांनी पडून राहिले. लोकांना पुढं दगडाच्या घरात झोपवेना. सिमेंटची घरं झाली, पत्रे आले, आणि हे दगड कोणालाच नकोसे झाले. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी ते ट्रॅक्टरनं आणवले. वडार बाया-बाप्यांनी ते घडून सारखे केले आणि माझ्या पायऱ्या रचल्या. पहिली काही वर्षं माझ्यावर कोणी टेकेना. लहान पोर चढलं की आई ओढून खाली घ्यायची. मग हळूहळू म्हातारी माणसं संध्याकाळी येऊ लागली. ती खालच्या पायरीवर बसत आणि हातानं दगड चाचपत.

त्यानंतर माझे बरे दिवस आले. पंधरा ऑगस्टला लेझीम व्हायची, हिवाळ्यात कबड्डीचे सामने व्हायचे. पाहुणे माझं कौतुक करत, 'अशी गॅलरी जिल्ह्यात नाही' म्हणत. ते खरं होतं की नाही, मला ठाऊक नाही. मी दुसरी गॅलरी पाहिलेली नाही.

मग शाळेला नवी इमारत झाली, मैदानात कुसळं वाढली. माझ्यावर मिरच्या वाळू लागल्या, तुरीच्या काड्या पडू लागल्या. शेळ्यांची करडं सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन उभी राहत. त्यांना तिथून काय दिसे कोण जाणे. तिसऱ्या पायरीच्या सांध्यात पिंपळ उगवला. कोणी बाटल्या फोडल्या, त्यांच्या काचा बरीच वर्षं तशाच राहिल्या. मला त्याचं फार वाईट वाटलं असं नाही. दगडाला वाट बघायची सवय असते.

योगीराज सर आले ते तुळजापूरकडून. खेळाचे शिक्षक. त्यांनी आल्या आल्या काचा वेचल्या, पिंपळ मुळासकट काढून देवळामागं लावला, आणि मुलींचा फुटबॉलचा संघ काढला. सराव संपला की ते मुलींना माझ्यावर बसवत आणि मोबाईलवर जगातली मोठमोठी मैदानं दाखवत. तेव्हा मला माझ्या थोरल्या बहिणी कळल्या.

"हे प्याँगयांगचं. इथं एक लाख चौदा हजार माणसं बसतात म्हणे."

"सर, आख्खा तालुका बसंल की त्यात," एक मुलगी म्हणाली.

"आन मग रानात कोन जाईल?" दुसरी म्हणाली.

"चपला कुठं काढत असतील तेवढ्या?"

सर हसले. त्यांनी बार्सिलोनाचं दाखवलं, ते मुळात लाखाला जरा कमी आणि आता वाढवत आहेत. जोहान्सबर्गचं भोपळ्याच्या आकाराचं दाखवलं, लंडनचं नव्वद हजारांचं दाखवलं. ब्राझीलमध्ये एक मैदान आहे, तिथं फार वर्षांपूर्वी एका सामन्याला पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं होती. आपल्या कोलकात्याच्या मैदानात एके काळी सव्वा लाखावर माणूस मावला. पुढं खुर्च्या बसवल्या तेव्हा जागा कमी झाल्या. हे मला पटलं. खुर्ची सरकत नाही, माणूस सरकतो.

"आन आपली गॅलरी, सर?" निकितानं विचारलं. निकिता संघाची गोलकीपर, उंच आणि कमी बोलणारी.

सरांनी टेप लावून माझी लांबी मोजली होती. "सहाशे. दाटीनं सातशे."

त्या सहाशेच्या आकड्यावरच जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेचा मुलींचा अंतिम सामना लोहाऱ्याला मिळाला. निकिताचा संघ अंतिम सामन्यात आला तेव्हा सगळ्या गावाला आनंद झाला. निकिताला मात्र एकच घोर होता. त्या सामन्यानंतर ती पुण्याला खेळाच्या वसतिगृहात राहायला जाणार होती, आणि तिच्या आईनं, महेश्वरीनं, तिला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं.

आई येत नव्हती असं नाही. प्रत्येक सामन्याला यायची. पण माझ्या मागं उभी राहायची.

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आमच्याकडं सून सासू-सासऱ्यापेक्षा उंच जागी बसत नाही. सासू जमिनीवर असेल तर सून बाजेवर टेकत नाही. घरात हे सोपं असतं. पण माझ्यासारख्या पायऱ्या-पायऱ्यांच्या जागी काय करायचं? म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात, म्हणून ते खालच्या पायरीवर बसतात. एकदा ते खाली बसले की वरच्या आठ पायऱ्या सुनांना बंद. खाली त्यांच्या शेजारी बरोबरीनं बसायचं नाही, आणि पुढं चुन्याची रेघ, तिथं सर कोणाला थांबू देत नाहीत. उरलेल्या बाजूंना काटेरी तार आणि मोटारसायकलींवर बसलेली गडीमाणसं नि पोरं. मग बाया माझ्या पाठीमागं पदर सावरून उभ्या राहत. माझ्या उंचीमुळं त्यांना मैदानातलं काही दिसत नसे. ओरडा झाला की एकमेकींना विचारत, "काय झालं गं?"

योगीराज सरांना हे तोवर उमगलं नव्हतं. शिकलेला, सरळ माणूस. म्हाताऱ्यांना चढायचे कष्ट नकोत म्हणून त्यांनी अंतिम सामन्याआधी खालच्या पायरीवर ठळक अक्षरांत रंगवून घेतलं, 'ज्येष्ठांसाठी राखीव'. वरच्या पायऱ्यांवर बायांसाठी सतरंज्या टाकल्या. जे आजवर सवयीनं होत होतं, ते त्यांनी मायेपोटी पक्कं करून टाकलं.

आदल्या दिवशी निकिता आईला घेऊन मैदानात आली. दोघी माझ्या पाचव्या पायरीवर बसल्या, कारण तेव्हा खाली कोणी नव्हतं.

"इथं बस तू उद्या," निकिता म्हणाली. "मला दोन्हीकडच्या गोलमधनं बरोबर दिसतंय."

"आत्याबाई खाली असतात. त्यांच्या डोक्यावर बसू व्हय मी?"

"आजी काही म्हनायची न्हाय."

"त्या न्हाय म्हनायच्या. गाव म्हनंल." महेश्वरी उठली आणि सतरंजीची घडी नीट केली. "मी हाय की मागं. तुझं नाव घेतलेलं ऐकू येतं मला."

"ऐकायला यायचंय का तुला?" निकिता म्हणाली.

सामन्याच्या दिवशी खालची पायरी भरून गेली. निकिताची आजी धुरपदाबाई मधोमध बसली होती, शेजारी तिची जन्माची मैत्रीण लक्ष्मम्मा. दोघींच्या तोंडात पान.

"तुजी नात त्या जाळीत का हुभी राहिली?" लक्ष्मम्मानं विचारलं. "बाकीच्या कशा पळायल्यात."

"तिला राखणीला ठिवलंय."

"मंग रान राखायला काय वाईट हुती?"

सर लाउडस्पीकरवरून पुन्हा पुन्हा सांगत होते, "महिलांनी वर बसून घ्यावं, भरपूर जागा आहे." कोणी चढलं नाही. जिल्ह्याहून आलेले पाहुणे रिकाम्या सतरंज्यांकडं बघून आपसात म्हणाले, "लोकांना आवड दिसत नाही इथं." सरांचा चेहरा उतरला. माझ्या पाठीशी तेव्हा बायांची इतकी गर्दी होती की एकीचा धक्का दुसरीला लागत होता. पण गॅलरीची पाठ कोण बघतो?

सामना सुरू झाला. निकितानं सुरुवातीला दोन चेंडू चांगले अडवले. पण तिची नजर सारखी माझ्या पाचव्या पायरीकडं जात होती. एकदा ती तशीच बघत असताना समोरच्या मुलीनं लांबून चेंडू मारला आणि तो तिच्या बगलेतून जाळीत गेला.

"कुठं बगायली गं ती?" लक्ष्मम्मा म्हणाली. "आपल्याकडं बगायली का?"

"आपल्या वर." धुरपदाबाईनं मान वळवून पाहिलं. मागं आठ पायऱ्या रिकाम्या होत्या.

मध्यंतराला निकिता पाणी प्यायला रेघेपाशी आली. आजीनं तिला हाक मारली.

"कुनाला हुडकायलीस?"

"आईला."

"आलीय की ती. मागं हाय."

"मागनं भिताड दिसतं, आजी," निकिता म्हणाली आणि हातमोजे घालत परत गेली.

धुरपदाबाईनं पुन्हा एकदा मागच्या रिकाम्या पायऱ्यांकडं पाहिलं. मग तिनं पान थुंकलं, तोंड पुसलं. "लक्ष्मम्मा, ऊठ. हितं ऊन लागायलंय."

"अव्वा! वरच्या पायऱ्यांची सावली तर हितंच हाय. वर तर तवा तापलाय."

"मला लागायलंय म्हनते ना."

ती चढली कशी, ते माझ्याएवढं कोणाला कळलं नसेल. गुडघे वाकत नाहीत, म्हणून ती माझ्याकडं पाठ करून बसली, दोन्ही तळहात वरच्या पायरीवर टेकले आणि अंग उचलून मागं सरकली. मग पुन्हा तसंच. दर पायरीला तिच्या बांगड्या माझ्यावर आपटत होत्या. सर मदतीला धावले. "आजी, तुमच्यासाठी खालची राखीव ठेवलीय."

"राहू द्या की राखीव. मी काय उचलून न्यायले का?"

तिच्यामागून लक्ष्मम्मा कुरकुरत चढली. दोघी वर गेल्यावर बाकीच्या म्हाताऱ्या एकमेकींकडं बघू लागल्या. खाली बसून राहणं म्हणजे सुनांची वाट अडवणं, हे त्यांना आता सांगावं लागलं नाही. एकेक जण उठली. म्हातारे सगळ्यांत शेवटी उठले, त्यांच्यातले दोघं-तिघं वर चढलेच नाहीत, ते मैदानाबाहेर जाऊन झाडाखाली बसले.

सगळ्यात वरच्या पायरीवरून माझ्या पाठीमागचं दिसतं. धुरपदाबाईनं कडेला वाकून खाली पाहिलं. सगळ्या बायांनी माना वर केल्या.

"महेश्वरी, खाली मोकळं हाय. जा, बस जा. ह्या सगळ्यास्नी घेऊन जा."

"आत्याबाई, तुम्ही उन्हात..."

"जाती का आता? का मी खाली येऊ?"

बाया वळसा घालून पुढं आल्या. 'ज्येष्ठांसाठी राखीव' ही अक्षरं त्यांच्या लुगड्यांखाली झाकून गेली. त्या दिवशी माझ्यावर किती माणसं होती ते कोणी मोजलं नाही. टेप लावली तेव्हा सरांनी माणसामागं दीड फूट धरला होता. बायांना तेवढा लागला नाही.

मध्यंतरानंतर निकितानं एक चेंडू हवेत झेप घेऊन दोन्ही हातांनी धरला आणि छातीशी घेऊन खाली पडली. महेश्वरी एकदम उभी राहिली, आणि लगेच तिनं शेजारणीला हळूच विचारलं, "हातानं धरलेलं चालतं व्हय गं?"

"तिला चालतं. तिचं कामच ते हाय."

"मला वाटलं, आता रागावतील तिला."

निकिता चेंडू घेऊन उठली. पाचवी पायरी न बघता तिनं अगदी खालच्या पायरीकडं पाहिलं, आणि मग चेंडू लांब मारला. त्यानंतर तिनं एकही गोल होऊ दिला नाही. पण पहिला झालेला होता, आणि आपल्या मुलींना तो फेडता आला नाही. सामना गेला. निकिता पुण्याला गेली. म्हाताऱ्यांना खाली उतरवायला सुनांना बराच वेळ लागला, आणि धुरपदाबाई दोन दिवस उठली नाही, असं नंतर माझ्यावर बसून बाया सांगत होत्या. आता त्या संध्याकाळीही येतात. सरांनी ती अक्षरं चुन्यानं पुसून टाकली आहेत.

मित्रांनो, माझ्यावर काचा फोडू नका, सांध्यात रोप दिसलं तर लहान असतानाच काढा, हे मी सांगेनच. पण आणखी एक मागणं आहे. तुम्ही मोठे झालात की कदाचित लाख माणसांच्या मैदानात जाल. मोठ्या पडद्यावर आज किती प्रेक्षक आले तो आकडा लागेल, लोक टाळ्या वाजवतील. तुम्हीही वाजवा. मात्र आत जाण्याआधी त्या गॅलरीला एक वळसा घाला, आणि तिच्या पाठीमागं कोणी उभं आहे का, ते बघा.