गाडीनं प्यायलेली येर्बा

चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून मी घरी आले, तेव्हा एवारिस्तो अंगणात गाडीपाशी तसाच उभा होता, सकाळी मी जाताना होता तसा. पुढच्या चाकांखाली ओंडके घालून त्यानं गाडीचं तोंड वर केलं होतं. नळ्यांत अडकलेली हवा निघावी म्हणून, तिसऱ्यांदा.

"निघाली?" मी विचारलं.

"निघाली असती तर इथे थंडी खात उभा राहिलो असतो का? ही नळी बघ, हात भाजतो. आणि ही दुसरी, मढ्यासारखी गार. थर्मोस्टॅट नवा, कूलंट नवं. आता मीच आत शिरून फुंकर मारायची तेवढी राहिलीय."

डोळे लाल झाले होते नवऱ्याचे. शनिवारचा सगळा दिवस आणि आजचा अर्धा त्यानं या हीटरवर घालवला होता. सोमवारी पहाटे सासूबाईंना, दोन्या क्लोरिंदांना, डायलिसिसला रिओ ग्रांदेला न्यायचं होतं. आठवड्यातून तीनदा, जाऊन येऊन दोनशे किलोमीटर, आणि आमच्या दक्षिणेकडे जून म्हणजे सगळा बर्फ. परत येताना त्यांना एरवीही हुडहुडी भरते. शुक्रवारी हीटरनं गारच वारा सोडला. काच आतून गोठली, मी एका हातानं खरवडत चालवत होते. तीन घोंगड्यांतही सासूबाईंचे ओठ निळे पडले. काल जेवताना त्या म्हणाल्या, "मी आता नाही जायची, नेली. पुरे झालं." रागानं म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि मला ठाऊक होतं, नळीत हवा नव्हती.

मार्चमध्ये त्याच रस्त्यावर रेडिएटर गळायला लागला होता. एवारिस्तोनं स्वतः सोल्डर केलेल्या जागीच. मागे सासूबाई झोपलेल्या, फोनला रेंज नाही, मैलभर माणूस नाही. गाडीत त्याच्या येर्बाचं, आमच्याकडच्या कडू चहापत्तीचं, पाकीट होतं. मी स्वतः येर्बा पीत नाही. सासूबाईंचं दुखणं सुरू झालं त्या दिवशी देवमातेसमोर सोडली. माझे वडील मेंढ्यांच्या कुरणावरच्या ट्रकला करायचे तसं मी केलं. इंजिन गार होऊ दिलं, दोन मुठी पत्ती रेडिएटरमध्ये टाकली, वरून पिण्याचं पाणी ओतलं. गळती थांबली.

घरी आल्यावर सांगणार होते. पण एवारिस्तो शेजाऱ्याला बॉनेट उघडून दाखवत होता, "माझं सोल्डर आहे, दगड आहे दगड!" मी गप्प बसले. पुढे रोज संध्याकाळी जपमाळ ओढताना ती दोन मुठी पत्ती आठवायची, आणि उद्या सांगू म्हणून मी पुढचा मणी धरायची.

"पुन्हा एकदा हवा काढतो," तो वाकत म्हणाला.

"नको काढू," मी म्हटलं. "हीटरच्या जाळीत येर्बा अडकलीय. मी रेडिएटरमध्ये घातली होती, ती पाण्याबरोबर तिथवर गेली. तुझं सोल्डर मार्चमध्येच गेलं, एवारिस्तो."

तो बाजूच्या एका ओंडक्यावर बसला.

"मार्चमध्ये?"

"हो."

"आणि मी गावभर सांगत फिरलो."

"मला तुझं मन मोडवेना."

"माझ्या मनापायी आई गारठली, बाई!" तो ओरडला नाही. दमलेल्या माणसाला ओरडायलाही बळ लागतं. "जा, स्वयंपाकघरातला पाइप आण. आणि कोमट पाणी. उकळतं नको, जुनी जाळी आहे, फुटेल."

त्यानं हीटरच्या दोन्ही नळ्या सोडल्या आणि पाणी उलट्या बाजूनं सोडलं. मी खाली बादली धरली. आधी काहीच नाही. मग एक उचकी लागल्यासारखं झालं आणि हिरवा-काळा चोथा माझ्या हातांवर आला. वास ओळखीचा.

खिडकी किलकिली झाली. "हे काय, येर्बा?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे व्रत नेलीनं धरलं आणि पीत होती गाडी!"

"आई, खिडकी लाव, वारा लागेल!"

"लागू दे. तीन महिने सोल्डर, सोल्डर ऐकतेय. आज जरा करमणूक."

सात बादल्या झाल्या तेव्हा पाणी स्वच्छ आलं. अंधारून आलं होतं. माझी बोटं मिटत नव्हती.

"रेडिएटरही धुवायचा?" मी विचारलं.

एवारिस्तोनं मान हलवली. "तिथली तुझी पत्ती राहू दे. ती काढली तर माझं सोल्डर उघडं पडेल." मग नळी आवळत पुटपुटला, "सुट्टी मिळाली की नवा बसवतो."

कूलंट भरून त्यानं इंजिन सुरू केलं. दहा मिनिटांनी दुसऱ्या नळीवर हात ठेवला आणि माझाही हात धरून तिच्यावर ठेवला. गरम होती.

सोमवारी परतताना हीटरचा वारा फार काही तापला नव्हता, कोमटच होता. मी चालवत होते. निम्म्या वाटेवर मागून हालचाल ऐकू आली. आरशात पाहिलं, तर सासूबाईंनी एक घोंगडी काढून बाजूला ठेवली होती.

"बुधवारी किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.