फोनवरचा प्रवेश

"काय केलंस गं आज! कुठून आणलंस ते?" दिग्दर्शक लॉर्न रंगपटात शिरला तो थेट ओल्गाच्या गळ्यातच पडला. डोळे पुसत होता गडी.

ओल्गा तोंडाला क्रीम फासून आरशासमोर बसली होती. आपण काय केलं हे तिला तरी कुठे ठाऊक होतं?

चाळीस वर्षं कॅनडातल्या विनिपेगच्या रंगभूमीवर काढली होती तिने. पोटासाठी टोरांटोला जाऊन सिनेमात घरमालकीण, शेजारीण, न्यूयॉर्कची म्हातारी, सगळं केलं. टीव्हीवर नर्स झाली, तर दुकानात माणसं अजून तिला रक्तदाबाचं औषध विचारायची! आणि आज साधा फोनचा प्रवेश. घंटी वाजली की आईने, म्हणजे ओल्गाने, उचलायचा, मुलगा युद्धात पडल्याचं ऐकायचं, "बरं" म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. तिने फोन उचलला. त्यानंतर तिला आठवत होत्या त्या थेट टाळ्याच.

"शनिवारी टोरांटोची निर्माते मंडळी येतायत," लॉर्न म्हणाला. "शब्द न् शब्द आजचाच हवा. मग नाटक तिकडे गेलंच समज, आणि तूही."

तो गेला. ओल्गाचं डोकं दगा देतंय हे त्याला कळलं, तर तिची भूमिका जिलियनला जाणार होती. ओल्गा आजारी पडली तर उभी करायला ठेवलेली ही नटी. दोन वर्षं विंगेत उभी राहून पोरीच्या पायांच्या काड्या झाल्या होत्या. पण रोज विंगेतून शब्द न् शब्द टिपून ठेवणारी तीच एकटी. काय करणार? ओल्गाने तिलाच हाक मारली.

"दार लाव. मी काय बोलले गं?"

"चेष्टा करताय बाई?"

"चेष्टा कसली डोंबलाची! मला काही म्हणता काही आठवत नाहीये."

जिलियनने कडी नीट लागलीय ना ते पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही म्हणालात, ओरेस्ट, गाडीची वायर लावलीस का? इंजिन गारठेल रात्रीतून. मी एवढं काम आटोपून येते. थांबशील ना?"

ओरेस्ट तिचा नवरा. विनिपेगच्या हिवाळ्यात रात्री गाडीला विजेची वायर लावून इंजिन ऊबदार ठेवायचं काम त्याचं. तो इस्पितळात वारला, तेव्हा ती टोरांटोत कॅमेऱ्यासमोर नर्स होऊन भलत्याच माणसाचा हात धरून बसली होती. ओल्गाला रडू फुटलं. हे आपल्या तोंडून निघालं? चारशे माणसांसमोर?

"लॉर्नला सांगणार आहेस?"

जिलियन दाराकडे गेली, परत आली. मग स्टूल ओढून बसली आणि केसांचा ब्रश ओल्गाच्या हातात दिला.

"हा फोन. चला, पाठ करून टाकू."

ओल्गाने ब्रश कानाला लावला. "ओरेस्ट, गाडीची वायर लावलीस का? इंजिन गारठेल रात्रीतून. मी... मी एवढं काम आटोपून येते. थांबशील ना?" शेवटी तिचा आवाज फाटला.

"नाही बाई," जिलियन हळूच म्हणाली. "इथे तुम्ही हसला होतात."

ओल्गाने डोळे पुसले, आणि हसून पाहिलं.