आत दुमडलेला चेहरा

धाकट्या भावाचं पत्र शब्दकोशात ठेवलेलं होतं, आणि कुठलाही शब्द अडलेला नसताना ग्रंथपालकाका रोज सकाळी तो कोश उघडत. पत्र जेमतेम अर्ध्या पानाचं होतं.

‘दादा, महिनाअखेरीस माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. घरात मी एकटा. तू येऊन राहिलास तर बरं वाटेल. बैठकीच्या खोलीत साहेबांचा फोटो आहे, तो मी काढणार नाही. मागच्या वेळी त्या फोटोवरून तू भरल्या ताटावरून उठून गेलास. म्हणून एकदाच विचारतो, त्यांनी तुझं काय घोडं मारलंय? खरं उत्तर देणार असशील तर ये. नाहीतर मी पगारी माणूस ठेवतो.’

उत्तर काही गेलं नव्हतं. काका लिहायला बसत नव्हते असं नाही. पण कागद पुढे घेतला की त्यांच्यातला पुस्तकी किडा जागा होई. साहेबांनी वाढवलेले कर, बंद केलेल्या शाळा, मोडलेली आश्वासनं, सगळं मुद्देसूद उतरे. वाचून पाहिलं की ते वर्तमानपत्राच्या अग्रलेखासारखं दिसे. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण साहेबांच्या आधीच्या नेत्यानेही यातलं निम्मं केलं होतं, आणि त्याचं तर काकांना नावही पटकन आठवत नसे. मग याचंच नाव निघालं की कानशिलं का तापतात? ज्याला आपण जन्मात भेटलो नाही, त्याच्या चष्मा पुसण्याचासुद्धा राग का यावा? काका पत्र पुन्हा कोशात ठेवत आणि वाचनालयाची किल्ली उचलत.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी किल्ली त्यांच्याकडेच राहिली होती, कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती. सकाळी दार उघडायचं, वर्तमानपत्रं लाकडी काठ्यांमध्ये अडकवायची, मधोमध दुमडून उतरत्या मेजावर मांडायची. पान दुमडलं की त्याचा एकच अर्धा भाग वर दिसतो. कुठला भाग वर ठेवायचा ते काका ठरवत. महत्त्वाची बातमी वर, असा त्यांचा नियम होता, आणि आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीबद्दल त्यांना स्वतःविषयी शंका नव्हती.

अलीकडे एक विचित्र प्रकार सुरू झाला होता. संध्याकाळी अंक काढायला घेतले की साहेबांच्या फोटोला डोळ्यांच्या जागी दोन भोकं दिसत. फाडाफाडी नाही, शाईचे फराटे नाहीत, अगदी नीटनेटकी दोन भोकं. खरं तर कार्यकारिणीला कळवायला हवं होतं. पण काकांना वेगळंच वाटलं. ज्या कुणाचं हे काम आहे, त्याला आपल्या रागाचं कारण ठाऊक असेल. त्याला विचारावं.

दोन-तीन सकाळी ते कपाटामागे पुस्तकं लावण्याचं सोंग करत उभे राहिले. आणि एक दिवस दिसलं ते पाहून हातातलं पुस्तक पडता पडता वाचलं. निवृत्त नर्सबाई, वाचनालयात कधी मोठ्याने पानसुद्धा न उलटणाऱ्या, केसातली पिन काढून शांतपणे साहेबांचा दुसरा डोळा फोडत होत्या.

काका खाकरले. बाईंनी मागे वळून पाहिलं आणि पिन परत केसात खोचली.

“बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचारा. रागावले तर पिन आहेच.”

“यांनी तुमचं काय घोडं मारलंय?”

भांडण होणार म्हणून बाई सरसावून बसल्या होत्या. प्रश्न ऐकून त्या खुर्चीत मागे टेकल्या. “गंमत आहे. हे मला कुणी विचारलंच नव्हतं.” त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. “माझ्या वॉर्डात एकेक नग यायचे, काका. बायकोचं डोकं फोडून स्वतः पडलेला माणूस, त्यालाही मी चमच्याने पाणी पाजलंय. राग यायचा. पण मनगट हातात घेतलं की उतरायचा. नाडी लागायची ना. याची नाडी कुठे लागणार? रोज संध्याकाळी माझ्या खोलीत येतो, जनतेने अमुक ठरवलंय म्हणतो, आणि मी तोंड उघडायच्या आत निघून जातो. जनतेत मीही आले. मला कधी विचारलं?”

“टीव्ही बंद करा मग,” पलीकडून शिंपीदादा म्हणाले. मोजपट्टी गळ्यात तशीच ठेवून ते दुकान उघडण्याआधी इथे येऊन बसत. ते साहेबांचे कट्टर भक्त. “फोटोवर काय मर्दुमकी दाखवता?”

“तुम्ही परवा विरोधी पक्षाच्या बाईंना मिशा काढल्यात, त्या विसरलात वाटतं?”

शिंपीदादा ओशाळले. “तिची गोष्ट वेगळी. ती मान वाकडी करून बोलायला लागली की मला आमची थोरली वहिनी आठवते.”

“म्हणजे राग वहिनीचा?” काकांनी विचारलं.

“हळू बोला की. पलीकडच्या गल्लीतच राहते.” त्यांनी खिडकीकडे नजर टाकली. “घरात तिला उलट बोलायची आपली टाप नाही. इथे कसं, दोन मिशा काढल्या की दिवस बरा जातो.”

काकांना हसू आलं. एकीला नाडी सापडत नाही, दुसऱ्याला वहिनी सापडते. मग आपलं काय? आपण तर कुणाचे डोळे फोडले नाहीत, मिशा काढल्या नाहीत. म्हणजे आपला राग तत्त्वाचा, म्हणजे... एवढ्यात नर्सबाई उठता उठता म्हणाल्या, “आणि काका, तुम्ही कसले आम्हाला विचारता? मी निदान डोळेच फोडते. तुम्ही तर आख्खा माणूस गायब करता.”

“मी?”

“पान दुमडता ना तुम्ही? यांचा फोटो वर छापलेला असला की तुम्ही खालचा भाग दाखवता. खाली असला की वरचा. फोडायचा म्हटलं तरी मला दरवेळी घडी उलटावी लागते.”

“खरं आहे,” शिंपीदादा म्हणाले. “आम्ही म्हटलं, काकांचा काही नियम असेल.”

दोघं गेल्यावर काका रद्दीच्या ढिगाशी उकिडवे बसले. एकेक अंक काढून त्याची घडी बघू लागले. एका दिवशी पुराची बातमी आत गेली होती आणि वर मांजरांच्या प्रदर्शनाची आली होती, कारण पुराशेजारी साहेब उभे होते. दुसऱ्या दिवशी ऊसदराएवढी मोठी बातमी आत आणि वर चष्म्यांची जाहिरात. हात आपले आपण काम करत होते आणि मालकाला पत्ता नव्हता.

त्यांनी एक घडी उलटून चेहरा वर आणला. भोकं पाडलेल्या डोळ्यांचा तो माणूस हसत होता. खाली त्याचं नेहमीचं वाक्य होतं: ‘काथ्याकूट पुरे, काम करू.’

हे वाक्य काकांनी पहिल्यांदा साहेबांकडून ऐकलं नव्हतं. ते धाकट्याकडून ऐकलं होतं, त्याच भरल्या ताटावर. काका काहीतरी समजावून सांगत होते आणि धाकटा म्हणाला होता, “काथ्याकूट पुरे, दादा.” हाच धाकटा पूर्वी गल्लीभर सांगत फिरायचा, दादा असं म्हणतो, दादा तसं म्हणतो. दादाने दिलेलं पुस्तक उशाशी घेऊन झोपायचा. दादाचं वाक्य त्याच्या तोंडून कधी गेलं, हे काकांनी पाहिलं नव्हतं. त्या जागी कोण येऊन बसलं, ते मात्र भिंतीवर टांगलेलं होतं.

काकांनी रद्दी पुन्हा रचून ठेवली. मग उठले, आजचा अंक सरळ घडी घालून मांडला, वर जे होतं ते वरच राहू दिलं, आणि मेजाच्या कोपऱ्यावर बसून लिहायला घेतलं. या वेळी मुद्दे आठवले नाहीत.

‘चि. धाकट्यास,

तुझ्या साहेबांनी माझं घोडं मारलेलं नाही. त्यांची धोरणं मला पटत नाहीत आणि पटणारही नाहीत, त्यावर आपण भांडू. पण ताटावरून मी उठलो तो धोरणांमुळे नाही. तू पूर्वी माझी वाक्यं बोलायचास, आता त्यांची बोलतोस. मला तुझा राग आला होता आणि तो तुझ्यावर काढवेना, म्हणून भिंतीवर काढला. हे खरं उत्तर आहे की नाही, याची मला अजूनही पुरती खात्री नाही. पण याहून खरं मला सापडलं नाही.

फोटो राहू दे. फक्त माझी खाट अशी लाव की पडल्या पडल्या मला तू दिसशील, ते दिसणार नाहीत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी येतो. पगारी माणूस ठेवू नकोस.

तुझा दादा.’

पुन्हा वाचलं तर आपण हे फाडून टाकू, हे काका ओळखून होते. म्हणून न वाचताच त्यांनी पाकीट चिकटवलं. वाचनालयाला कुलूप न लावताच ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले. पाकीट फटीत घातलं, पण बोटं सुटेनात. समोर दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या शिंपीदादांनी हाक मारली, “काय काका, अडकलं की काय?”

“नाही,” काका म्हणाले, आणि त्यांनी पाकीट सोडलं.