अठ्ठेचाळीस किलोतली जिवली

मार्चमध्ये ज्ञानेश्वर सरांनी नूतनला दोन पानं लिहायला सांगितली. जिल्ह्यात मुलींच्या बॉक्सिंग स्पर्धा सुरू होऊन पंचवीस वर्षं होत होती आणि संघटना स्मरणिका काढणार होती. सर संघटनेचे सचिव. नूतन बोरसे धुळ्यातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका, संध्याकाळी मैदानावर मुलींना बॉक्सिंग शिकवणारी. आणि २००७ची राज्यविजेती, अठ्ठेचाळीस किलो गटात. धुळ्यात तो मान तिच्याआधी कुणाला मिळाला नव्हता, नंतरही नाही.

"बठ्ठा लोके म्हणतस, आताच्या पोरी तुमनापेक्षा भारी शेतस," सर अहिराणीत म्हणाले. "तुले काय वाटस? तुझाच गट घे. तेव्हाचा आणि आताचा. कोणता बलवान, ते लिही."

"आकडे काढून सांगते," ती म्हणाली.

आकडे काढणं सोपं होतं. २००७ला राज्य स्पर्धेत तिच्या गटात नऊ मुली होत्या, गेल्या वर्षी सव्वीस. तेव्हा फेरी दोन मिनिटांची, आता तीन. तेव्हाच्या मुली शाळेच्या बुटांवर लढायच्या. आताच्या मुली समोरचीच्या जुन्या लढती मोबाईलवर पाहून येतात. तिच्या काळी उपांत्य फेरीत हरलेल्या दोघींना धड बचावही येत नव्हता. आता पहिल्याच फेरीत बाद होणारी मुलगीसुद्धा त्या दोघींना सहज हरवेल. हे सगळं नूतनने वहीत लिहिलं आणि तिथेच ती अडली. गटाची ताकद तळातल्या मुलींवरून मोजायची की माथ्यावरच्या एकीवरून? माथ्यावरच्या एकीवरून मोजायची तर २००७ला माथ्यावर ती स्वतः नव्हती.

माथ्यावर जिवली होती. जिवली वेस्ता पावरा, फैजपूरच्या वर, केळीच्या बागा संपून सातपुडा सुरू होतो तिथल्या पाड्यावरची. एकोणीस वर्षांची, डावखुरी. अंतिम फेरीत नूतनने तिला हरवलं. चार महिन्यांनी, पोळ्याच्या आसपास, जिवली वारली. मेंदूत ताप गेला, एवढंच धुळ्यापर्यंत पोचलं.

तेव्हापासून नूतनला एक सवय लागली होती, जी तिने कुणाला सांगितली नव्हती. सरावाच्या आधी मुली रांगेत उभ्या राहायच्या. पाच असल्या तर तिची नजर पाचवीवर थांबायची नाही, पुढे जायची. तिथे कुणी नसायचं. पण नजर तिथे टेकायची, जणू कुणीतरी हात बांधून आपल्या पाळीची वाट पाहतंय. सुरुवातीला ती दचकायची. पुढे दचकणं गेलं, नजर जाणं मात्र थांबलं नाही.

रोहिणी हल्लीची तिची सर्वांत चांगली मुलगी. वीस वर्षांची, अठ्ठेचाळीस किलोतच खेळणारी. एकदा पॅडवर ठोसे मारून झाल्यावर घाम पुसत तिने विचारलं, "मॅडम, तेव्हाच्या तुम्हाला मी हरवलं असतं का?"

"हो."

"खरंच? आणि तुम्ही फायनलला जिला हरवलं, तिला?"

नूतनने पॅडचे पट्टे सोडले. "चल, दोरी घे," ती म्हणाली.

या प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल अशी जगात ती एकटीच होती. जिवलीचे ठोसे अंगावर घेतलेले आणि रोहिणीचे हातावर झेललेले, असं दुसरं कुणी नव्हतं. अंगाला उत्तर ठाऊक होतं. पण स्मरणिकेत अंगाचा पुरावा कसा छापणार? म्हणून तिने त्या अंतिम लढतीची सीडी काढली. तिच्या भावाने मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर ती लढत टिपली होती. अठरा वर्षांत नूतनने पहिल्या फेरीच्या पुढे ती कधी पाहिली नव्हती. धुळ्यातल्या एका स्टुडिओतून तिने ती मोबाईलवर करून घेतली आणि रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ठोसे मोजायला सुरुवात केली.

जळगावचं मंगल कार्यालय, मे महिना. जिथे पंगती बसतात तिथे रिंग मांडलेली. पहिल्या फेरीत जिवलीचे अकरा ठोसे बसले, नूतनचे तीन. जिवलीचे पाय तर असे पडत होते की कॅमेऱ्यालाही आवाज सापडत नव्हता. रोहिणी चांगली होती, पण हे रोहिणीकडे नव्हतं. कुणाकडेच नव्हतं.

दुसऱ्या फेरीत जिवली मंदावली. का मंदावली ते नूतनला माहीत होतं. त्या सकाळी वजनाला जिवली चारशे ग्रॅम जास्त भरली होती. तासाभराची मुदत मिळाली. तिच्या प्रशिक्षकाने तिला प्लास्टिकचा रेनकोट घालून गच्चीवर पळवलं. जळगावचा मे, अकराचं ऊन. तोंडात काहीतरी चघळत ती सारखी थुंकत होती, अंगातलं पाणी कमी व्हावं म्हणून. जिन्यातून नूतनने ते पाहिलं होतं. पाहून तिला बरं वाटलं होतं. जिवली वजनात बसली, आणि पाचच तासांनी दोघी रिंगमध्ये होत्या.

मोबाईलवर आता दोघींनी एकमेकींना मिठी घातली होती. थकलेले बॉक्सर घालतात तशी. जिवलीचं तोंड नूतनच्या कानाशी होतं.

तेव्हा जिवली काहीतरी बोलली होती. दातांवर रबरी कवच असताना शब्द धड उमटत नाहीत. "दिसत नाय," असं नूतनला ऐकू आलं होतं. नंतर अठरा वर्षं ती स्वतःला समजावत आली होती, की कदाचित ते तसं नव्हतं. नुसता श्वास असेल. त्यांच्या बोलीतलं काही असेल. मला कळलंच नव्हतं.

पडद्यावर जिवलीचे ओठ हलले, आणि एकवीस वर्षांच्या नूतनने मान हलवली. 'हो', अशी. नीट, एकदा. मग रेफरीने दोघींना सोडवलं आणि तिने तीन ठोसे मारले. तिन्ही चेहऱ्यावर. जिवलीने हात वर केलेच नाहीत. ती पडली, आठ आकडे मोजेपर्यंत उठली, आणि उरलेली लढत नूतनच्या बाजूने गेली.

नूतनने मागे घेऊन पुन्हा पाहिलं. मान तशीच हलली.

स्मरणिकेसाठी जिवलीचा फोटो हवा, हे निमित्त करून ती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाड्यावर गेली. फैजपूरपर्यंत एसटी, पुढे जीप. जिवलीचा भाऊ प्रकाश रस्त्यावर घ्यायला आला होता. चाळिशीचा, कमी बोलणारा. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. जिवलीचा बाप, वेस्ताबाबा, सावलीत बसून त्यांतला पालापाचोळा निवडत होता. नूतन कोण ते प्रकाशने सांगितलं. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि बसायला खाट दाखवली.

"फोटो नाही देणार," तो म्हणाला. "एकच आहे. नाव लिहा."

"बरं बाबा."

पाणी आलं.  मग म्हाताऱ्याने विचारलं, "ती कशी लढायची? मी नाही पाहिलं कधी. जळगावला जायचं म्हणत होतो, राहून गेलं."

नूतन हे ठरवून आली नव्हती. लढत तिच्या मोबाईलमध्ये होती. ती नाही म्हणू शकली असती. तिने मोबाईल काढून म्हाताऱ्याच्या हातात दिला.

पहिल्या फेरीत जिवलीचा डावा हात सुटला तसा म्हाताऱ्याने पडदा डोळ्यांजवळ नेला. तो हसला नाही, पण त्याचे खांदे हलत होते, तिच्या हातांबरोबर. प्रकाशची बायको चूल सोडून बाहेर आली. शेजारचे दोघे-तिघे येऊन मागे उभे राहिले. फेरी संपली तसा म्हातारा म्हणाला, "परत." प्रकाशने मागे घेतलं. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदाही पाहिलं.

"बाबा, पुढचं नको," नूतन म्हणाली.

"राहू दे."

दुसरी फेरी सुरू झाली. जिवली मंदावली. मिठी आली. आणि म्हाताऱ्याने अंगठा पडद्यावर ठेवला तसं चित्र थांबलं. मुद्दाम थांबवलं की चुकून, ते नूतनला कधीच कळलं नाही.

"ती बोलली तुझ्याशी," तो म्हणाला.

नूतनने मोबाईलकडे हात नेला; त्याने दिला नाही.

"तू मान हलवली. काय बोलली ती?"

तिने खोटं सांगितलं असतं तर तिथे कुणाला कळणार होतं? अठरा वर्षांत घडवलेली उत्तरं तिच्याजवळ तयार होती.

"दिसत नाही, म्हणाली," नूतनने सांगितलं. "मी ऐकलं होतं बाबा. ऐकून मारलं."

मोहाच्या फुलांवर माश्या घोंगावत होत्या. मागे उभ्या असलेल्यांतलं कुणीतरी त्यांच्या बोलीत हळूच काही म्हणालं आणि प्रकाशने त्याला हाताने गप्प केलं. म्हाताऱ्याने चित्र पुढे सोडलं. तीन ठोसे झाले. जिवली पडली. म्हातारा बोटांवर मोजत राहिला, रेफरीबरोबर. आठाला ती उभी राहिली.

"उठली," तो म्हणाला.

मग त्याने मोबाईल नूतनला परत दिला. "आम्हाला पण हेच सांगितलं तिनं. डोळ्यापुढं काळं झालं होतं. म्हणायची, बा, मी चुकले. पंचाला सांगायला पाहिजे होतं, मी त्या पोरीला सांगितलं. ती पण लढायलाच आली होती, ती काय करणार." थोडं थांबून तो म्हणाला, "डोकं दुखायचं तिचं. शेवटपर्यंत दुखायचं. त्या मारानं की तापानं, डॉक्टरनं नाही सांगितलं. आम्ही पण नाही विचारलं."

तो उठला, घरात गेला आणि परत बाहेर आला नाही. नूतन तासभर खाटेवर बसून राहिली. शेवटी प्रकाश म्हणाला, "जीप सुटेल, ताई," तेव्हा उठली.

रस्त्यावर आल्यावर तिने विचारलं, "तुम्ही काही बोलणार नाही?"

"काय बोलू?" प्रकाश म्हणाला. "ती तुमच्यावर रागवली नव्हती. माझं मी बघतो."

धुळ्याला येऊन तिने दोन पानं एका बैठकीत लिहिली. आताच्या मुली सरासरीने कितीतरी पुढे आहेत, हे लिहिलं. तरीही अठ्ठेचाळीस किलो गटात आजवरची सर्वांत मोठी बॉक्सर २००७ला होती, आणि ती विजेती नव्हती, हेही लिहिलं. मग गच्ची, रेनकोट, मिठीतले दोन शब्द आणि आपली मान, सगळं लिहिलं.

ज्ञानेश्वर सरांनी ते वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. 

"नूतन, समारंभ शे. पाहुणे येतील, पोरींचे आईबाप येतील. हे वाचून पोरींना कोण पाठवील?"

"कुणी पाठवणार नसेल तर तेही कळायला पाहिजे ना, सर?"

"मी बघतो," सर म्हणाले.

मेमध्ये राज्य स्पर्धा आली. आठ दिवस आधी रोहिणी सातशे ग्रॅम जास्त होती. ती म्हणाली, "शेवटचे दोन दिवस पाणी बंद करते, होऊन जाईल. सगळ्याच करतात." नूतनने तिचं नाव अठ्ठेचाळीसमधून काढून वरच्या गटात घातलं. रोहिणी रडली, भांडली. वरच्या गटात उंच मुलींपुढे तिचा हात पोचेना आणि ती दुसऱ्याच लढतीत हरली. अठ्ठेचाळीस किलोचं सुवर्णपदक मिळालं ते रोहिणीने वर्षभरात दोनदा हरवलेल्या मुलीला.

"मॅडम, तुमचं पदक तुमच्याजवळ आहे," परतीच्या बसमध्ये ती म्हणाली. "माझं तुम्ही घालवलं." पुढच्या आठवड्यापासून ती दुसऱ्या प्रशिक्षकाकडे जाऊ लागली. नूतनने तिला अडवलं नाही. ती बोलली त्यात खोटं काही नव्हतं.

जूनमध्ये स्मरणिका निघाली. नूतनची दोन पानं दीड झाली होती. आजवरची सर्वांत मोठी बॉक्सर जिवली वेस्ता पावरा, हे वाक्य तसंच होतं. त्यापुढचं सगळं गेलं होतं. समारंभात लोक येऊन तिचा हात हातात घेत होते. स्वतः विजेती असून हरलेलीला एवढा मान देता, मन मोठं लागतं, असं म्हणत होते. एकीच्या आईच्या डोळ्यांत तर पाणी आलं. नूतन त्या प्रत्येकाला सांगू पाहत होती, की तसं नाही, पूर्ण छापलेलं नाही. ते त्यांना विनयच वाटत होता. चारपाच जणांनंतर तिने सांगणं सोडलं.

तिने स्मरणिकेची एक प्रत आणि हाताने लिहिलेली मूळ दोन पानं पाकिटात घालून प्रकाशला पाठवली. आठवड्याने त्याचा फोन आला.

"वाचून दाखवलं बाबांना," तो म्हणाला. "दोन्ही. हाताचं लिहिलेलं त्यांनी ठेवून घेतलं." मग जरा अडखळून त्याने विचारलं, "ती लढत पाठवता का मोबाईलवर? बाबा रोज मागतात."

"पहिली फेरी पाठवू?"

पलीकडे प्रकाशने बापाला विचारलेलं तिला ऐकू आलं. म्हातारा काहीतरी थोडक्यात बोलला.

"पूर्ण पाठवा, म्हणतात. तिचं उठणं नंतर आहे."

नूतनने पूर्ण लढत पाठवली. प्रकाश सांगतो, म्हातारा जेवणाआधी ती बघतो, पाड्यावरचे लोकही येऊन बसतात. मधे कुणी बोलत नाही. एकदा फोन ठेवता ठेवता प्रकाश म्हणाला, "बाबा विचारत होते, ती धुळ्याची परत येणार का?"

"ये म्हणाले?"

"नाही. येणार का, एवढंच विचारलं."

याला आता पाच महिने झाले. फैजपूरची पहिली बस सव्वासहाला सुटते, हे तिने आगारात जाऊन विचारून ठेवलं आहे. अजून ती गेलेली नाही.