काजामागचं बोट

मुलांनो, डावी मूठ घट्ट आवळा. सोडायची नाही. आता एकट्या उजव्या हाताने सदऱ्याचं वरचं बटण काढा आणि पुन्हा लावा. काढणं एकवेळ जमेल. लावताना मात्र ते काजाच्या तोंडाशी येऊन थांबेल, दारात उभं राहून गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखं. आत काही येणार नाही. आणि अशात समोर एक परीक्षक घड्याळ उघडून बसले आहेत, असं समजा.

त्या सकाळी अशाच एका परीक्षकांसमोर खुर्चीत सात वर्षांची एक मुलगी बसली होती. तिला सगळे वकीलबाई म्हणत. अर्ध्या बिस्किटावरूनही ती तासभर वाद घालायची आणि बहुधा जिंकायची. तिची डावी मूठ जन्मापासून मिटलेली. ती उघडायला वेळ लागे, आणि उघडली तरी धरलेली वस्तू मध्येच सुटून जाई.

तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती ताई. ताई कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती, ऑक्युपेशनल थेरपी शिकत होती. जेवणं, अंघोळ, कपडे, लिहिणं अशी रोजची कामं ज्याला अडतात, त्याला ती आपली आपण करायला शिकवायची विद्या. ताईच्या काकांना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं, की ही लोकांना नोकऱ्या लावून देते. "आमच्या चिरंजीवांना कुठे चिकटव की," असं ते दर भेटीत म्हणायचे.

ताईची ही प्रात्यक्षिक परीक्षा होती. तीन महिने तिने वकीलबाईला शाळेच्या कोटाची चार बटणं शिकवली होती. येत होती जवळजवळ. पण 'जवळजवळ'ला थेरपीच्या त्या विभागात रकाना नव्हता. तक्त्यावर तीनच रकाने होते: स्वतः, सांगितल्यावर, हाताच्या मदतीने. विभागाच्या मॅडम पहिल्याच दिवशी बजावायच्या, "तुमचं एक बोट लागलं, की ते काम तुमचं झालं. मुलाच्या नावावर मांडायचं नाही."

पहिलं बटण काजाशी येऊन अडलं. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. ताईने कोटाची कड सरळ करायच्या निमित्ताने हात पुढे नेला आणि मधल्या बोटाने बटण मागून हळूच ढकललं.

बटण लागलं.

वकीलबाईने मान वर केली. फक्त एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मग काय, एकदा लागलेलं बोट उरलेल्या तिन्ही बटणांनाही लागलं.

"उत्तम," परीक्षक म्हणाले.

ताईने तक्त्यावर 'स्वतः'च्या रकान्यात चार खुणा केल्या. त्यातली चौथी जरा वाकडी आली.

निकाल लागला. ताई वर्गात दुसरी आली. घरी काकांनीही पाठ थोपटली. पाठीवर हात पडताच ती दचकली, तेव्हा ते म्हणाले, "अगं, शाबासकी आहे, मार नाही." त्या दिवसापासून कुणाचा कोट दिसला की तिची नजर आधी बटणांवर जायची आणि तिथून जमिनीवर. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही उगीच नाही.

पंधरा दिवसांनी मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. टेबलावर तोच तक्ता होता. टेबलापलीकडे वकीलबाई आणि तिची आई. आई एका लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करायची. बोटांच्या टोकांवर चटक्यांचे जुने डाग होते. वकीलबाई खोकत होती. तिच्या कोटाची चारही बटणं उघडी होती.

"वकीलबाईंना आता सुट्टी द्यायची," मॅडम म्हणाल्या. "चारही बटणं स्वतः. रांगेत बावीस मुलं आहेत, ही जागा त्यांतल्या एकाला देऊ. तुझी इथे सही हवी आणि माझी."

"सुट्टी द्या नाहीतर काय वाटेल ते करा," आई म्हणाली, "पण आधी हिला जरा समजवा. इथे तुमच्यासमोर लावते, आणि घरी नुसती बसून राहते. मी दिवसाला शंभर सदऱ्यांची बटणं लावते, मॅडम. घरी येऊन हिचीही मीच लावायची?"

"घरी अजिबात लावत नाही?"

"नाटकी झालीय. मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, इथून दिलेल्या कागदावर लिहिलंय ना, येतं म्हणून? मग लाव. आठवडाभर उघड्या कोटाने शाळेत धाडली. थंडीने कुडकुडली की लावेल आपोआप." आईचा आवाज जरा खाली आला. "नाही लावली. खोकला घेऊन आली. आणि जी पोरगी घरात कुणाला वाक्य पुरं करू देत नाही, ती आठ दिवस तोंड शिवून बसलीय."

वकीलबाई आपल्या बुटांकडे पाहत होती. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

आता बघा, ताईला काहीच करावं लागणार नव्हतं. गप्प राहायचं आणि सही करायची, एवढंच. सुट्टी झाली की या मायलेकी पुन्हा कधी दिसणारही नव्हत्या. तिने पेन हातात घेतलंसुद्धा. मग ते टेबलावर ठेवलं.

"मॅडम, सही करू नका. हे खोटं आहे."

"काय खोटं आहे?"

"'स्वतः' लिहिलंय ते. बटणं मी मागून ढकलली होती. चारही."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या ताईच्या हातांकडे पाहत राहिल्या. ताईला ते कुठे ठेवावेत कळेना. पदर असता तर त्याखाली लपवले असते. अंगात तर विभागाचा पांढरा डगला होता.

"आधी का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटतेय."

मॅडमनी चारही खुणांवर एक लांब रेघ ओढली. "परीक्षकांना पत्र जाईल. तू लिहायचं, मी पुढे पाठवीन. हा विषय पुन्हा द्यावा लागेल, ते धरूनच चाल."

"हो, मॅडम."

आईला सगळं उलगडायला क्षणभर लागला. "म्हणजे ही नाटक करत नव्हती?"

"नाही," ताई म्हणाली. "तिला येत नाही अजून. तुम्ही तिला बोललात ते माझ्यामुळे. माझं चुकलं."

आईने खाली बसून मुलीचा कोट दोन्ही हातांनी धरला, पण बटणं लावली नाहीत. नुसता धरून ठेवला.

"अगं माझे आई, मग बोलली का नाहीस? एरवी एवढी तोंड चालवतेस."

"कुणी मला विचारलंच नाही," वकीलबाई म्हणाली. आठ दिवसांनी आलेला तो आवाज बसलेला होता. "तू कागदाला विचारत होतीस. आणि ताईचा हात कापत होता तेव्हा. माझा कापतो ना, तसा. म्हणून मी गप्प बसले."

आईने तोंड फिरवून नाक पुसलं. "चुकलं हं माझं," ती म्हणाली.

"बरं," वकीलबाईने निकाल दिला. मग ती ताईकडे वळली. "आणि तू?"

"मी म्हटलं की, माझं चुकलं."

"ते आईला म्हटलंस. त्याआधी मॅडमना सांगितलंस. मला कुठे सांगितलंस?"

खरंच की. बटणं हिची, कोट हिचा, थंडी हिने सोसली, आणि आपण कबुली दिली ती हिच्या डोक्यावरून. तिला वाटलं होतं, लाजेचा तळ मघाशीच लागला. तो अजून बराच खाली होता.

ती परीक्षेच्या दिवशी बसली होती तशीच गुडघ्यांवर बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मी तुला न विचारता बोट लावलं," ती म्हणाली. "आणि तुला आलं असं खोटंच लिहिलं. त्यामुळे तू बोलणी खाल्लीस. माझं चुकलं, वकीलबाई."

मॅडमनी बाहेरच्या पुढच्या पेशंटला थांबायची खूण केली.

"तुला बटण कुठे अडतं, ते मला सांगशील?" ताईने विचारलं.

तेव्हा वकीलबाईने कोट अंगातून काढला. वेळ लागला, पण काढला. टेबलावर, थेट तक्त्याच्या वर, तो उलटा पसरला. अस्तर वर आलं. आई डाव्या बाजूने वाकली, मॅडम उजव्या बाजूने. वकीलबाईने काजाच्या मागे, अस्तरावर, आपलं बोट टेकवलं.

"हे बघ. तुझं बोट इथून ढकलत होतं. माझंपण इथपर्यंत येतं. पण तेवढ्यात ह्या हातातून कड सुटते. प्रत्येक वेळी इथेच. आता नीट ऐका, मध्ये बोलायचं नाही."

आणि एकदा खोकून, घसा साफ करून, तिने पहिल्या बटणापासून सांगायला सुरुवात केली.