दुसरीचा कार्बोरेटर

मी एक म्हातारी अमेरिकन मोटार बोलतेय, आणि बोलताना मला मान वर करवत नाही. मला बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. माझा एखादा भाग तुटला तर तो दुकानात मिळत नाही; कुठल्या भंगारात सापडला तर नशीब.

मी आणि माझी बहीण एकाच कारखान्यातल्या, एकाच वर्षाच्या. अनेकांच्या हातांतून फिरून, गंजून, आम्ही दोन सख्ख्या भावांकडे आलो. ती थोरल्याकडे, म्हणजे दादांकडे, मी धाकट्याकडे. माझ्या मागच्या सीटमध्ये उंदरीण बाळंत झाली होती! चार वर्षं खपून धाकट्याने मला उभं केलं. पाना कसा धरायचा, हेही त्याला दादांनीच शिकवलं होतं.

दादांचा एक नियम होता. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी इंजिन नीट लावायचं, बॉनेट बंद करायचं आणि मग उघडायचं नाही. "सारखं उघडून बघतो, त्याचा आपल्याच हातावर भरवसा नसतो," असं ते म्हणत.

जुन्या मोटारींच्या शर्यतीत दोघांनी नावं दिली. धाकट्याच्या बायकोने दोन्ही गाड्या सुखरूप रेषेपार जाईपर्यंत साखर सोडली.

"देवाला काय आमच्या पिस्टनची काळजी?" नवऱ्याने चिडवलं.

"पिस्टनची नसेल. तुमची आहे."

शर्यतीच्या सकाळी धाकट्याला राहवेना. त्याने माझं बॉनेट उघडलं, कार्बोरेटरचा बोल्ट उगाच आणखी आवळला आणि कट्‌कन आवाज आला. कार्बोरेटरला भेग पडली.

दादा आंघोळीला गेले होते. धाकटा शेजारच्या शेडमध्ये शिरला. बहिणीचा कार्बोरेटर काढून त्याने मला बसवला आणि माझा फुटका, भेग गोंदाने बुजवून, तिला. "दादा तसेही हळूच चालवतात," तो स्वतःशी पुटपुटला. मी सगळं पाहिलं. मला तोंड कुठलं?

मी जिंकले. बहीण दोनदा खोकली आणि सुरुवातीच्या रेषेवरच बंद पडली. "आजी, धक्का मारू का?" म्हणत लोक तिला हसले. गोंद पेट्रोलमध्ये केव्हाच विरघळला होता. दादांनी बॉनेट उघडलं, भेग पाहिली, मग आपला उजवा हात पाहिला. त्यांनी हळूच तो खिशात घातला.

घरी, माझ्या शेडसमोरच्या ओसरीवर, धाकट्याने बायकोपुढे साखरेचा डबा सरकवला. "जिंकलो ना मी! आता तरी घे."

"दोन्ही गाड्या म्हटलं होतं मी. आणि तुम्ही माझ्याकडे बघत का नाही?"

तेवढ्यात दादा माझ्या शेडमध्ये आल्याचं दोघांनी पाहिलं. दोघंही धावत आले. दादांनी आपली हत्यारांची पेटी माझ्या चाकाशी ठेवली होती.

"ठेव तुला. माझे हात गेले रे. बोल्ट किती आवळला ते कळलंच नाही."

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. बायको त्याच्याकडे बघत राहिली.

"दादा, तो बोल्ट तुम्ही नाही आवळला. मी. फुटका माझा होता. तुमचा इथे आहे," असं म्हणून त्याने माझं बॉनेट उघडलं.

आता दादा ओरडतील, असं मला वाटलं. ते आपला हात उलटसुलट करून बघत राहिले. "म्हणजे... माझ्या हाताने नाही झालं?"

"नाही, दादा."

त्यांनी पेटी उचलली. "मग ही माझीच." दाराशी थांबून, मागे न बघता म्हणाले, "आणि माझा कार्बोरेटर तू बसवून द्यायचा. माझ्यासमोर."

धाकट्याने तो बसवून दिला. दुसऱ्या दिवशी चषकही आयोजकांकडे परत केला.

आता मी विटांवर उभी आहे. कार्बोरेटरच्या जागी फडकं कोंबलंय. दादा धाकट्याशी अजून धड बोलत नाहीत. पण काल ते भिंग घेऊन आले, माझ्या काढून ठेवलेल्या कार्बोरेटरची भेग बराच वेळ पाहिली आणि मलाच म्हणाले, "भरता येईल बाई, बघू."

कधी मला बघायला आलात, तर शर्यत जिंकली ती हीच का, असं विचारू नका. आज दादा आले होते का, एवढंच विचारा.