एकोणीस नंबरचा तारा

एकोणीस नंबर मीच खोडला होता. लाल पेनानं, ताईच्या डोळ्यांदेखत.

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून तारे मोजायचो. एका छोट्या, लांबच्या दीर्घिकेतले. तिथं लोखंड, कार्बन असले जड पदार्थ नावालाच. आणि ते नसले तर धूळ कुठून येणार, हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून माझा नियम होता: उष्णता टिपणाऱ्या अवरक्त फोटोत ठिपका आहे पण साध्या फोटोत त्या जागी काहीच नाही, तर तो कॅमेऱ्याचा डाग. खोडा.

"अगं, म्हातारा तारा स्वतःच्या पोटात कार्बन तयार करतो," ताई म्हणाली. "त्याचीच धूळ पांघरून बसला असेल. साध्या प्रकाशात दिसेल कसा?"

"उगाच काहीतरी! दिसत नाही म्हणजे नाही." वर हेही बोलून गेले, की तुला पुरावा नको, कौतुक हवं असतं. जीभ झडायला हवी होती माझी. महिन्याभरात तिनं नोकरी सोडली आणि दुसऱ्या शहरात शाळेत शिकवायला लागली. सात वर्षं बोलणं नाही. तिची खुर्ची मात्र मी कुणाला हलवू दिली नाही. अजूनही काही सापडलं की "ताई, बघ गं" म्हणत मागे वळते, वेड्यासारखी.

आज सकाळी नव्या दुर्बिणीचे अवरक्त फोटो आले. एकोणीस नंबर तिथंच होता, चांगला ठसठशीत. साध्या फोटोत अजूनही त्या जागी काळोखच. सगळे टाळ्या पिटत होते आणि मला रडू फुटलं.

फोन लावला. तिसऱ्या रिंगला आवाज आला, "बोल."

घोकलेलं सगळं विसरले. "ताई, एकोणीस नंबर आहे गं. धुळीत होता. तुझंच खरं होतं."

पलीकडे शाळेच्या मधल्या सुट्टीचा गोंगाट होता. ती म्हणाली, "आणि नसता सापडला, तर केला असतास फोन?"

थाप मारता आली असती. "नसता केला," मी म्हणाले. "भीती वाटायची. तुझ्या फोनची नुसती वाट बघत बसले असते."

"मी दुसरं काय करत होते, गधडे?" ती म्हणाली. तिकडे शाळेची घंटा झाली, पण तिनं फोन ठेवला नाही.